'चिल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

इंग्रजीत थंडीसाठी शब्दांचा तुटवडा नाही. कोल्ड, कूल, फ्रॉस्ट, फ्रिजिड, आयसी असे कितीतरी शब्द वाचनात येतात. त्यांच्यात 'चिल' हा एक आखूड शब्द आहे, आणि एखाद्या शब्दाचा शोध शिस्तीने कसा घ्यावा हे शिकण्यासाठी माझ्या मते याच्याहून चांगला शब्द निवडता येणार नाही. हुडहुडी भरवणारा गारठा, तापातले कापरे, पाठीतून सरकणारी भीतीची शिरशिरी आणि रागावलेल्या मित्राला दिलेला 'निवांत राहा' हा सल्ला, असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ तो एकाच वेळी वागवतो. त्याच्या इतिहासात ध्वनी बदलला आहे, त्याचे एक रूप मध्यंतरी वापरातून नाहीसे झाले आहे, आणि एरवी परके वाटणारे काही शब्द त्याचे रक्ताचे नातलग निघाले आहेत.

कामाला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा उगम हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळ्या पुराव्यांनी मिळतात. आजचा अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. उगम जुन्या लिखित नोंदींवरून आणि ध्वनिबदलांच्या नियमांवरून ठरतो. 'मूळ अर्थ अमुक होता, म्हणून आजचा वापर चुकीचा' असे म्हणणे जितके अयोग्य, तितकेच 'आजचा अर्थ असा आहे, म्हणून मूळही तसेच असणार' असे धरून चालणे अयोग्य. म्हणून वहीच्या एका पानावर अर्थ लिहावेत, दुसऱ्यावर उगम, आणि दोन्ही पाने पुरेशी भरेपर्यंत त्यांची सरमिसळ करू नये.

आधी वाक्ये गोळा करावीत

अर्थाच्या पानासाठी सुरुवात शब्दकोशापासून न करता वाक्यांपासून करावी. बातम्या, कथा, हवामानाचे अंदाज, वैद्यकीय माहितीपत्रके, पाककृती अशा निरनिराळ्या ठिकाणांहून 'चिल' असलेली तीस-चाळीस वाक्ये उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: येथे थंड काय झाले आहे? हवा, शरीर, मन, दोन माणसांमधले संबंध, की एखादी वस्तू? या प्रश्नाने वाक्यांचे गट आपोआप पडू लागतात.

हवेच्या गटात 'चिल' म्हणजे बोचरा, अंगात शिरणारा गारठा. 'कोल्ड' हा शब्द थंडीची केवळ नोंद घेतो, तर 'चिल' ती थंडी कोणाला तरी जाणवते आहे हे सांगतो. हा फरक बारीक असला तरी पुढच्या सगळ्या अर्थांची किल्ली त्यात आहे. शरीराच्या गटात अनेकवचनी 'चिल्स' येतो आणि त्याचा अर्थ ताप चढताना भरणारे हिंव किंवा कापरे असा होतो. मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागत नाही, कारण 'हिवताप' या आपल्या शब्दात थंडी आणि ताप असेच शेजारी बसलेले आहेत. मनाच्या गटात भीतीने अंगावर आलेला काटा आहे, तर संबंधांच्या गटात बोलण्यातला थंडपणा आणि दुरावा आहे.

वस्तूंच्या गटात हा शब्द बहुधा क्रियापद म्हणून येतो. पेय किंवा अन्न 'चिल' करणे म्हणजे ते थंड करणे, पण गोठवणे नव्हे. अन्नप्रक्रियेच्या व्यवहारात हा भेद कसोशीने पाळला जातो: चिल केलेला पदार्थ गोठणबिंदूच्या वर राहतो, फ्रीझ केलेला त्याच्या खाली जातो. भाषांतर करताना दोन्हींसाठी 'गोठवणे' वापरले तर ती केवळ शैलीतली चूक राहत नाही, वाचणाऱ्याचा पदार्थ बिघडतो.

प्रत्येक गटापुढे मराठी प्रतिशब्द लिहून पाहावा, आणि एकच प्रतिशब्द सगळीकडे बसवण्याचा मोह टाळावा. हवेसाठी 'गारठा' चालतो. 'गारवा' सहसा चालत नाही, कारण मराठीत गारवा हवाहवासा असतो आणि इंग्रजी नामातला 'चिल' बहुतेक वेळा नकोसा असतो. तापासाठी 'हिंव', भीतीसाठी 'शिरशिरी', संबंधांसाठी 'थंडपणा' किंवा 'दुरावा'. प्रतिशब्द शोधताना आपल्याच भाषेतले शब्द किती नेमके आहेत हे नव्याने कळते, आणि हा या कामाचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

शास्त्र, शेती, कारखाना आणि कायदा या क्षेत्रांतले उपयोग मात्र वेगळे काढावेत, कारण तेथे शब्दाला ठरवून दिलेला अर्थ असतो. ओतकामात वितळलेले लोखंड धातूच्या साच्याला टेकले की ते झपाट्याने निवते आणि त्याचा पृष्ठभाग कठीण होतो. या क्रियेलाही 'चिल' म्हणतात आणि उष्णता ओढून घेण्यासाठी साच्यात बसवलेल्या धातूच्या तुकड्यालाही. फळबागांच्या शास्त्रात सफरचंद, पीच यांसारख्या झाडांना सुप्तावस्थेतून नीट बाहेर पडण्यासाठी ठरावीक तास थंडी मिळावी लागते. साधारणतः ० ते ७ अंश सेल्सिअसमधले तास मोजण्याची जुनी पद्धत आहे आणि त्या तासांना 'चिल' तास म्हणतात. अमेरिकी कायद्याच्या भाषेत 'चिलिंग इफेक्ट' म्हणजे एखाद्या नियमाने बोलण्यावर थेट बंदी न घालताही भीतीपोटी लोकांनी बोलणे टाळणे. १९५२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी शिक्षकांच्या विचारस्वातंत्र्यासंबंधीच्या आपल्या मतात 'चिल' हे क्रियापद याच छटेने वापरले होते.

या सर्वांत 'विंड चिल', म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, ही संज्ञा थोडा वेळ देऊन समजून घ्यावी. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या संशोधकांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यात भरलेले पाणी वेगवेगळ्या वाऱ्यात आणि तापमानात गोठायला किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारा हवेचे तापमान कमी करत नाही. कोरडा तापमापक वाऱ्यात ठेवला काय आणि आडोशाला ठेवला काय, तो हवेचे तेच तापमान दाखवतो. वारा शरीरातून बाहेर पडणारी उष्णता अधिक वेगाने पळवून नेतो आणि म्हणून माणसाला अधिक थंडी वाजते. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली स्वीकारलेले नवे सूत्र माणसाच्या चेहऱ्यावरून होणारी उष्णतेची घट लक्षात घेऊन बांधलेले आहे. म्हणजे वाक्यांवरून आपण जो अर्थ ओळखला, 'जाणवलेली थंडी', तोच या शास्त्रीय संज्ञेच्या मुळाशी आहे; 'विंड कोल्ड' असे म्हटले असते तर तो भाव आला नसता.

उरतो तो 'निवांत राहा' हा अर्थ. 'चिल आउट' हा प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकी-अमेरिकी बोलीतून आणि हिप-हॉप संगीताच्या वर्तुळातून पुढे आला आणि १९८० च्या दशकात सर्वदूर पोहोचला. राग आणि उतावीळपणा यांना उष्ण मानले की शांत होणे म्हणजे निवणे, हे ओघानेच येते. मात्र ज्या प्रतिमेतून हा चांगला अर्थ निघाला त्याच प्रतिमेतून दुराव्याचा वाईट अर्थही निघाला, कारण प्रेम आणि उत्साह हेही उष्णच मानले जातात. मराठीत 'थंड डोक्याने विचार केला' ही स्तुती आहे आणि 'थंड प्रतिसाद मिळाला' ही तक्रार. शब्द एकच, पण कोणती उष्णता गेली यावर सगळे अवलंबून. हे लक्षात आले की 'चिल'चे परस्परविरोधी वाटणारे अर्थ एका सूत्रात ओवता येतात.

जुन्या नोंदी तारखेनुसार लावाव्यात

आता दुसरे पान. येथे ऐतिहासिक पद्धतीचे कोश लागतात, म्हणजे ज्यांत प्रत्येक अर्थाखाली जुन्यात जुने अवतरण आधी आणि नंतरची क्रमाने दिलेली असतात. १८८४ पासून भागाभागाने निघून १९२८ मध्ये पूर्ण झालेला ऑक्सफर्डचा मोठा कोश त्यांत अग्रभागी आहे. साधारण अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश, आणि त्यानंतरच्या मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्य-इंग्रजी कोश पाहावा. शेवटचे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य उघडता येतात.

नोंद उतरवताना नाम, क्रियापद आणि विशेषण यांचे वेगवेगळे रकाने करावेत. ही सूचना किरकोळ वाटेल, पण 'चिल'च्या बाबतीत सगळे मर्म तिच्यात आहे. नाम जुन्या इंग्रजीत आढळते. त्याची रूपे 'चिएले', 'चेले' अशी होती आणि अर्थ थंडी, गारठा असा होता. क्रियापद चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते, प्रथम 'थंडी वाजणे, थंड होणे' या अर्थाने आणि लगोलग 'थंड करणे' या अर्थाने. विशेषण सोळाव्या शतकाच्या आरंभीचे आहे आणि 'चिली' हे लांबलेले विशेषण त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. थंडीने हातापायांची बोटे सुजून खाजू लागतात त्या विकाराचे 'चिलब्लेन' हे नावही सोळाव्या शतकातले आहे. त्यातला 'ब्लेन' म्हणजे फोड.

रकाने भरले की एक खिंडार दिसते. जुने नाम साधारण १४०० नंतर लेखनातून नाहीसे होते आणि त्याची जागा 'कोल्ड' घेतो. पुढे 'चिल' हे नाम परत येते तेव्हा ते जुन्या नामाचा अखंड वारस म्हणून येत नाही, तर मधल्या काळात जिवंत राहिलेल्या क्रियापदापासून नव्याने तयार होते, असा ऑक्सफर्डच्या संपादकांचा निष्कर्ष आहे. जुने नाम आणि आजचे नाम दिसायला एक, अर्थाने जवळ, तरी त्यांच्यामधला पूल क्रियापदाचा आहे. सगळे एकाच रकान्यात लिहिणाऱ्याला हे कधीही कळणार नाही. त्याला हजार वर्षांची सलग रेघ दिसेल आणि ती रेघ खोटी असेल.

येथे आणखी एक पथ्य पाळावे. कोशातले सर्वांत जुने वर्ष ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. ती केवळ टिकून राहिलेल्या लेखनातली पहिली भेट आहे. माणसे शब्द आधी बोलतात, पुष्कळ नंतर लिहितात, आणि लिहिलेल्यातलेही थोडेच उरते. म्हणून 'चौदाव्या शतकात निर्माण झाला' असे न लिहिता 'चौदाव्या शतकापासून आढळतो' असे लिहावे.

क आणि च यांचा उलगडा

'चिल' आणि 'कोल्ड' हे एकाच कुळातले शब्द आहेत असे कोश सांगतो तेव्हा पहिली शंका येते ती ध्वनीची: एक च ने सुरू होतो, दुसरा क ने. जुन्या इंग्रजीच्या लेखनात दोहोंच्या आरंभी सी हे एकच अक्षर होते. पुढच्या बाजूने उच्चारल्या जाणाऱ्या, म्हणजे इ-ए सारख्या, स्वरापूर्वीचा क हळूहळू तालव्य (जीभ टाळूला लावून उच्चारलेला) होऊन च झाला, आणि फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्या ध्वनीसाठी सी आणि एच ही अक्षरजोडी रूढ केली.

असा बदल मराठी माणसाच्या जिभेवर रोज घडतो. 'त्याचा' म्हणताना च दंततालव्य असतो, पण 'त्याची' म्हणताच तोच च तालव्य होतो; 'माझा' आणि 'माझी' यांतल्या झ चेही तसेच. पुढचा स्वर व्यंजनाला आपल्याकडे ओढतो हे तत्त्व एकदा तोंडाने अनुभवले की इंग्रजीतला बदल परका राहत नाही. त्याच्या आणखी खुणा पाहायच्या असतील तर शेजारच्या भाषा पाहाव्यात: इंग्रजीत 'चीज', जर्मनमध्ये 'केझं', इंग्रजीत 'चर्च', स्कॉटिशमध्ये 'कर्क', हनुवटीला इंग्रजीत 'चिन', जर्मनमध्ये 'किन'.

चिकित्सक वाचक येथे विचारील की मग 'किंग' आणि नातलग या अर्थाचा 'किन' यांत क कसा टिकला, तेथेही पुढे इ आहेच. हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तरही नेमके आहे. तालव्यीकरण घडले तेव्हा या दोन शब्दांत इ नव्हता, उ होता. तो नंतर पुढे सरकला. नियमाला अपवाद दिसला की नियम टाकून न देता, बदल कोणत्या क्रमाने झाले ते पाहावे.

मग 'कोल्ड'चा क का टिकला? येथे बोलीभेद कामाला येतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वेस्ट सॅक्सन बोलीत हा शब्द 'चेआल्ड' असा तालव्य झाला होता, तर मध्य आणि उत्तर भागातल्या अँग्लियन बोलीत तो 'काल्ड' राहिला. आजची प्रमाण इंग्रजी या बाबतीत अँग्लियन रूपावर उभी आहे. दक्षिणेची बोली वरचढ ठरली असती तर थंडीसाठीचा इंग्रजीतला सर्वांत साधा शब्दही आज च नेच सुरू झाला असता.

नात्याची कसोटी

शब्द इंग्रजीच्याही मागे नेताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते, कारण येथे सादृश्य माणसाला सहज फसवते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१८ मध्ये रास्मुस रास्क आणि १८२२ मध्ये याकोब ग्रिम या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जर्मानिक भाषांतली, म्हणजे इंग्रजी, जर्मन आणि त्यांच्या जवळच्या भाषांतली, व्यंजने लॅटिन, संस्कृत यांसारख्या इतर भगिनीभाषांतल्या व्यंजनांशी नियमित रीतीने वेगळी पडलेली आहेत. आपल्याला येथे त्यांतले दोनच नियम लागतात. पहिला: लॅटिनमध्ये जेथे ग, तेथे इंग्रजीत क. दुसरा: लॅटिनमध्ये जेथे क, तेथे इंग्रजीत ह.

पहिल्या नियमाची उदाहरणे संस्कृतसह पाहिली तर ती लक्षात राहतात. गुडघ्याला संस्कृतात 'जानु', लॅटिनमध्ये 'गेनु', आणि इंग्रजीत 'नी', ज्याच्या आरंभी न उच्चारलेला के अजून लिहिला जातो. संस्कृतातले 'जन', लॅटिनमधले 'गेनुस' आणि इंग्रजीतले 'किन' असेच जुळतात. दुसऱ्या नियमाची उदाहरणे: 'शत', 'केंटुम', 'हंड्रेड', 'श्वन्', 'कानिस', 'हाउंड'. लॅटिन शब्दांचे उच्चार येथे मुद्दाम प्राचीन रीतीने दिले आहेत. आजच्या इंग्रजी वळणाने 'जीनस', 'सेंटम' असे वाचले की तुलनेचा पायाच निसटतो.

आता हे नियम आपल्या शब्दाला लावावेत. 'चिल'चा च पूर्वी क होता हे आपण पाहिले. जर्मानिक क च्या समोर लॅटिनमध्ये ग हवा, आणि लॅटिनमध्ये 'गेलु' म्हणजे हिम, कडाक्याची थंडी, 'गेलिदुस' म्हणजे अतिथंड. ध्वनी जुळला, अर्थ जुळला. लिथुआनियन भाषेत 'गेलुमा' म्हणजे तीव्र थंडी, तेथेही ग. नाते असे, टप्प्याटप्प्याने सिद्ध होते.

याच कसोटीने खोटी नाती बाद करता येतात, आणि ती बाद करताना जो विश्वास येतो तो कोश पाठ करून येत नाही. लॅटिनमध्ये 'कालिदुस' असा एक शब्द आहे आणि त्याचे आटोपशीर रूप 'काल्दुस'. 'कोल्ड'शी तो इतका जुळतो की पहिल्या वाचनात कोणीही फसावे. इटालियनमध्ये त्याचाच 'काल्दो' झाला. पण त्याचा अर्थ गरम! रोमन स्नानगृहात 'काल्दारिउम' म्हणजे उष्ण दालन, आणि थंड दालनाला 'फ्रिगिदारिउम' म्हणत. अर्थ उलट आहेच, शिवाय लॅटिन क च्या समोर इंग्रजीत ह यायला हवा होता, क नव्हे. दोन्ही अंगांनी हे नाते मोडते.

'चिल' हा 'शीतल'वरून आला असावा, असे कोणी सुचवले तर तेही याच रीतीने तपासावे. संस्कृत श च्या समोर लॅटिनमध्ये क आणि इंग्रजीत ह येतो, हे 'शत' आणि 'हंड्रेड' यांनी दाखवले आहे. शिवाय इंग्रजीतला च इंग्रजीच्या स्वतःच्या इतिहासात क पासून झालेला आहे, तो बाहेरून आणलेला नाही. तेव्हा 'शीतल' बाद. 'जड' हा शब्द अधिक कसोटी पाहतो. आज आपण तो वजनासाठी वापरतो, पण संस्कृतात त्याला थंड, गारठून ताठरलेला असाही अर्थ होता. अर्थ जवळ आला की मन लगेच नाते जोडू पाहते. अशा वेळी शब्द वहीत स्वतंत्र कप्प्यात ठेवावा, त्याच ध्वनिसंबंधाची आणखी उदाहरणे आणि मधली रूपे हाती आली तरच तो कुळात घ्यावा, आणि तोपर्यंत लेखनात त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये.

तारांकित रूप वाचताना

व्युत्पत्तीच्या कोशात शेवटी ताऱ्याची खूण असलेले रूप भेटते. आपल्या शब्दासाठी ते 'गेल्' असे असते आणि त्याचा अर्थ थंड असणे, गोठणे असा दिलेला असतो. ही खूण एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायशर यांनी रूढ केली. तिचा अर्थ एवढाच की हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही. भगिनीभाषांतल्या रूपांवरून ते मागे जाऊन बांधलेले आहे. म्हणून 'मूळ शब्द गेल् होता' असे न म्हणता 'गेल् असे मूळ मानले जाते' असे म्हणावे. हा सावधपणा म्हणजे संकोच नव्हे, ते पुराव्याचे खरे माप आहे.

या मुळापासून इंग्रजीत शब्द दोन वाटांनी आले. 'चिल', 'कोल्ड' आणि 'कूल' हे वारशाने आले, म्हणून त्यांत क किंवा त्याचा झालेला च आहे. 'जेली' आणि गोठणे या अर्थाचा 'कंजील' हे लॅटिनकडून फ्रेंचमार्गे उसने आले, म्हणून त्यांत ग चा झालेला ज आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'जेली'चे मूळ रूप हिमाला आणि गोठून थरथरणाऱ्या खाद्यपदार्थाला सारखेच लावले जाई. गोठलेल्या नदीसारखा पसरणारा 'ग्लेशियर' हाही सहसा याच कुळात धरतात. म्हणजे 'चिल' आणि 'जेली' ही लांबची भावंडे आहेत, आणि आरंभीच्या व्यंजनावरून कोण घरातले आणि कोण बाहेरून आलेले हे ओळखता येते.

'कोल्ड'च्या शेवटचा ड हाही निरखून पाहावा. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत, 'काला' आणि जुन्या इंग्रजीत 'कालान' हे थंड होणे, गारठणे या अर्थाचे क्रियापद होते, आणि 'कोल्ड' हे मुळात त्याचे भूतकालवाचक धातुसाधित आहे: गारठलेला. संस्कृतात 'गम्'पासून 'गत' आणि 'कृ'पासून 'कृत' ज्या प्रत्ययाने होतात त्याच्याच कुळातला हा ड आहे. आणि आपले 'शीत'? तेही गोठणे, घट्ट होणे या अर्थाच्या 'श्यै' धातूचे तसेच धातुसाधित आहे. दोन शब्दांचे धातू वेगळे, नाते नाही, तरी थंडीला नाव देण्याची युक्ती एकच: जे गोठले ते थंड. मला या साम्यात शब्दांच्या नात्याहूनही अधिक आनंद वाटतो.

सारखे दिसणारे परके शब्द

उदाहरणे जमवताना काही शब्द केवळ लिपीच्या साम्यामुळे ढिगात शिरतात. देवनागरीत 'चिली' असे लिहिले की थंडीचे विशेषण, मिरचीचे इंग्रजी नाव आणि दक्षिण अमेरिकेतला देश हे तिन्ही एकच दिसतात. मिरचीचे नाव मेक्सिकोच्या नाहुआतल भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आले आणि त्याचा थंडीशी काही संबंध नाही. म्हणून टिपणात मूळ इंग्रजी वर्णरचना नेहमी शेजारी लिहून ठेवावी.

कधी इंग्रजी वर्णरचनाही फसवते. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये वेषांतर केलेला एडगर खेडवळ बोलीत बोलू लागतो तेव्हा 'चिल' असा शब्द उच्चारतो. तेथे थंडी नाही; 'मी' या अर्थाचे जुने दक्षिणी रूप 'इच' आणि 'विल' हे क्रियापद यांचा तो संधी आहे, म्हणजे 'मी करीन'. शोधयंत्राने गोळा केलेल्या वाक्यांत असे वाक्य सहज येऊन बसते. म्हणून प्रत्येक अवतरण त्याच्या आगच्या-मागच्या ओळींसह वाचल्याशिवाय रकान्यात टाकू नये.

हीच रीत 'फ्रिजिड'ला लावताना

एक शब्द पूर्ण झाला की दुसऱ्यावर हात बसवून पाहावा, आणि त्यासाठी 'फ्रिजिड' योग्य आहे, कारण तो अर्थाने शेजारचा असूनही कुळाने वेगळा आहे. त्याच्यामागे लॅटिन 'फ्रिगिदुस' आहे, त्याच्यामागे थंडी या अर्थाचे 'फ्रिगुस', आणि ग्रीकमध्ये त्याचा जोडीदार 'ऱ्हिगोस', ज्याचा अर्थ थंडी आणि थंडीने येणारे कापरे. शब्दारंभीच्या जुन्या स्र चा लॅटिनमध्ये फ्र आणि ग्रीकमध्ये ऱ्ह होतो, त्यामुळे हे दोन्ही जुळतात. 'चिल'च्या गेल् मुळाशी त्यांचा संबंध नाही. थंडीचे तिसरे कूळ तर आपल्या घरातच आहे: संस्कृत 'हिम' आणि 'हेमंत', त्यांच्याशी सख्खे असलेले लॅटिन 'हिएम्स' म्हणजे हिवाळा, आणि लॅटिनमधूनच इंग्रजीत गेलेला, प्राण्यांच्या हिवाळी निद्रेसाठीचा 'हायबर्नेट'.

'फ्रिजिड'च्या घराण्यातला 'रेफ्रिजरेटर' हा शब्द इंग्रजीत यंत्राच्या पुष्कळ आधी आला. सतराव्या शतकात तो थंडावा देणाऱ्या पदार्थाला लावलेला आढळतो. विसाव्या शतकात यंत्र घरोघरी पोहोचू लागले आणि १९२० च्या दशकात त्याचे 'फ्रिज' हे आखूड रूप लेखनात दिसू लागले. तपासणाऱ्याने येथे वर्णरचना नीट पाहावी, कारण पूर्ण शब्दात कोठेही डी नाही आणि आखूड रूपात मात्र तो आहे. नुसते चार अक्षरी रूप लिहिले असते तर इंग्रजी वाचकाने शेवटचा जी ग असा वाचला असता. बोलण्यात आधीच रुळलेला ज कागदावर टिकवण्यासाठी 'ब्रिज' आणि 'रिज' यांच्या धर्तीवर तेथे डी घातला गेला.